सात नंबरची जवारी

माझ्या हातून आजवर एकही शोध लागलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कोणी आशेवर राहू नये. ऐन जवानीपासून केस पिकेपर्यंत हयात शेतीच्या संशोधनात काढली, पण माझ्या नावाचं ना बियाणं आहे, ना कीड. आमच्या घरी मात्र मी 'शास्त्रज्ञ' म्हणून ओळखला जातो. घरात दूध उतू गेलं, की बायको म्हणते, "विचारा बाबाले, प्रयोग कसा काय बिघडला ते."

बिघडलेल्या प्रयोगांचा माझा अभ्यास खरोखरच दांडगा आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या सालांत मी कामरगावजवळच्या एका लहानशा संशोधन उपकेंद्रात सहायक म्हणून चिकटलो. वाशीम जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, सगळा कारभार अकोल्याला. उपकेंद्र म्हणजे काय, तर टिनाचं छप्पर असलेलं ऑफिस, एक गोदाम, एक विहीर आणि काळ्या जमिनीचं वावर. मोठ्या केंद्रात तयार झालेले वाण आमच्याकडच्या मातीत कसे पिकतात, ते पाहायचं आणि वर कळवायचं, एवढंच आमचं काम.

बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे शेतीच वाटते. फरक एवढाच, की शेतकरी पीक यावं म्हणून पेरतो आणि आम्ही कोणतं येतं हे पाहायला पेरतो. समजा जवारीचे आठ वाण आहेत. प्रत्येकाला सारखा वाफा द्यायचा, सारखं खत, सारखी निंदणी. पण एखाद्याच्या नशिबी चांगली माती आली तर? म्हणून तेच आठ वाण वावरात चार ठिकाणी फिरवून लावायचे, आणि कोणता कुठं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. या चिठ्ठ्या पाहून आमच्या निंदणीच्या बायांची मुकादम पंचफुलामावशी पहिल्याच दिवशी म्हणाली, "चिठ्ठ्या टाकूनच पेरायचं होतं, तं साहेब इतके शिकले कायले?"

साहेब म्हणजे साबळेसाहेब. साताऱ्याकडचे, उंच, हाडकुळे, नाकावर चष्मा आणि जिभेवर 'का?' हा एकच शब्द. तिसरा माणूस चौकीदार गुलाबकाका. राखण, पाणी देणं, घंटा वाजवणं आणि पावसाचं माप पाहणं ही त्याची कामं. पावसाचं माप म्हणजे जमिनीत रोवलेला नरसाळ्याचा डबा. रोज सकाळी त्यात साचलेलं पाणी मोजायचं आणि मला सांगायचं. एका सालात श्रावण कोरडा चालला होता आणि मी रोज शून्य लिहीत होतो. मग एका सकाळी काका आला आणि म्हणाला, "आज बरा झाला." मी आभाळाकडं पाहिलं, जमिनीकडं पाहिलं. धूळ उडत होती.

"काका, कुठं झाला?"

"डब्यात."

खोदून विचारलं तेव्हा कळलं, की काकानंच त्यात लोटाभर पाणी ओतलं होतं. "रोज उठून शून्य सांगा लागते, भाऊ. माह्या तोंडानं गावाले अपशकुन काहून करू?"

पंचफुलामावशीची तऱ्हा याहून वरची. खताच्या प्रयोगात एक वाफा बिनखताचा ठेवावा लागतो. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय खतानं काय फरक पडला, ते कळत नाही. त्या साली कापणीला बिनखताचा वाफा दुसऱ्या नंबरावर आला. साहेबांनी आमच्या मातीच्या अंगच्या ताकदीवर एक लांबलचक टिपण लिहायला घेतलं. ते अर्धं झालं असताना मावशी टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"साहेब, एकाच पंगतीत सात जण बसवले आन एकाच्या पानात काही वाढलंच नाही, हे आमच्यानं नाही पाह्यवत. आमी आपलं थोडं थोडं शेण टाकून देलं."

"अहो, पण का?"

"काहून म्हंजे? उपाशी होता तो."

साहेबांनी टिपण फाडलं. मावशीला ते रागावले नाहीत. रागावण्यासाठी समोरच्याची चूक सापडावी लागते. मावशीच्या बोलण्यात ती कुठं आहे, हे त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही.

हे झाले किरकोळ प्रयोग. साहेबांचा जीव होता तो सात नंबरच्या जवारीत.

त्या दिवसांत हायब्रीड जवारी नवी नवी आली होती. पिकायची भरमसाट, पण भाकरी थापायला घेतली की कडा फाटायच्या आणि तव्यावरून उतरली की चामडं. आमच्याकडं आगाऊ पोराला आणि बेचव भाजीला तेव्हापासून 'हायब्रीड' म्हणायला लागले. साहेबांनी कधीकाळी शिरपूर जैनच्या एका म्हाताऱ्याच्या वावरातून गावरान जवारीची कणसं आणली होती. तिचा संकर करत, निवडत, पुन्हा पेरत, त्यांनी एक वाण उभा केला. उत्पन्न हायब्रीडचं आणि चव गावरानची, असा त्यांचा बेत होता. वाणाला नाव नव्हतं. पास झाल्याशिवाय नाव मिळत नाही. आठांच्या ओळीत तो सातवा, म्हणून सात नंबर.

नियम असा, की वाणाची तीन वर्षं परीक्षा. तेवढ्यात तो नेहमीच्या वाणाच्या पुढं गेला तर ठीक, नाही तर 'बाद'. आणि सात नंबर बाद झाला, तर आमच्याकडचं जवारीचं काम बंद करून साहेबांना कोकणात भाताच्या केंद्रावर पाठवायचं, असं वरून ठरत आलं होतं. साहेब म्हणत, "देविदास, मी आयुष्यभर जवारीच्या धाटा-ताटांत उभा राहिलोय. आता चिखलात उभं राहून काय करू?"

पहिल्या वर्षी सात नंबर शेवटचा आला.

साहेबांनी माती तपासली, पाणी तपासलं, मला तपासलं. दुसऱ्या वर्षी पाखरांवर संशय घेतला. वाफ्याभोवती डबे टांगले, बुजगावणं उभं केलं. त्याला साहेबांचा जुना कोट आणि टोप चढवला. पाखरं त्याच्या खांद्यावर बसू लागली आणि माणसं मात्र त्याला घाबरू लागली. गुलाबकाका येता-जाता त्याला "रामराम साहेब" घालायचा. तालुक्याहून आलेला एक ग्रामसेवक हातात टोपी घेऊन त्याच्यापुढं बराच वेळ उभा होता. नंतर मला म्हणाला, "साहेब लय कमी बोलतात."

दुसऱ्या वर्षीही सात नंबर शेवटचाच. पण या वेळी साहेबांना काहीतरी दिसलं होतं. सात नंबरच्या वाफ्यांत कित्येक ताटं उंच, हिरवीगार, पण शेंड्याला कणीसच नाही! बाकीच्या वाणांत असं एखादंही ताट नव्हतं. साहेब मोहरून गेले. शास्त्रज्ञाला अपयश परवडतं, फक्त ते नवीन पाहिजे. त्यांनी या रोगाला 'वांझपणा' असं नाव दिलं, पुस्तकं चाळली, कोणत्याच पुस्तकात तो सापडला नाही म्हणून आणखी खूश झाले आणि वर कळवून टाकलं, की आमच्याकडं जवारीचा एक अपूर्व रोग आढळला आहे.

कापणीच्या आधी तो रोग पाहायला मोठ्या केंद्रातून रोगतज्ज्ञ आले. बुटके, पोट सुटलेले, मितभाषी गृहस्थ. साहेबांनी त्यांना वाफ्यात नेलं. मागं मी, माझ्या मागं काका, धुऱ्याच्या बांधावर मावशी आणि तिच्या बाया. तज्ज्ञांनी एक वांझ ताट वाकवलं, शेंड्याचं पान उलगडलं, भिंग लावून पाहिलं. दुसरं ताट वाकवलं. तिसरं वाकवलं. मग भिंग खिशात घातलं.

"साबळे, हा रोग विळ्यानं झालाय."

"म्हणजे?"

"म्हणजे कणीस कोणीतरी कापून नेलंय. पानाच्या आतून, बेतानं. हात सराईत आहे. बहुधा बरेच हात आहेत."

बुजगावण्याच्या खांद्यावरचं पाखरू उडून गेलं.

आता वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. थंडी पडू लागली, की जवारीचं कणीस दुधातून दाण्यावर येतं. अशी कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरावर भाजायची, तळहातावर चोळायची, फोलपटं फुंकायची आणि गरम दाणे तिळाच्या चटणीसोबत तोंडात टाकायचे. हा हुरडा. त्यासाठी दुसऱ्याच्या वावरातून चार कणसं तोडणं याला आमच्याकडं चोरी म्हणत नाहीत. पाहुण्याला हुरडा न देणं याला मात्र काहीही म्हणतात.

तज्ज्ञ गेल्यावर साहेबांनी सगळ्यांना ऑफिसपुढं बोलावलं. आवाज चढला नव्हता, पण चष्मा हातात होता.

"गुलाबराव, तुम्ही राखणीला होता. किती तोडली?"

"लय नाही, साहेब. पाखराच्या वाट्याची तेवढीच. पाखरं तं तुमच्या कोटावरच बसून राह्यतात ना, मंग त्याईचा वाटा वायाच जात होता."

"पंचफुलाबाई?"

"दुपारच्या भाकरीसंगं दोन-दोन. बाया किती, ते तुमीच मोजा."

"देविदास?"

मी म्हणालो, "सासुरवाडीचे आले होते, साहेब. एकदाच." काका खोकला. "दोनदा," मी म्हणालो.

"म्हणजे सगळ्यांनी खाल्ली. खायचीच होती, तर बाकीच्या सात वाणांना का नाही हात लावला? सात नंबरच का?"

मावशीनं साहेबांकडं असं पाहिलं, जसं शाळेत न जाणाऱ्या पोराकडं पाहतात. "साहेब, तुमी सोता खाऊन पाह्यला का कधी?"

साहेबांनी खाल्ला नव्हता. प्रयोगातलं कणीस तोडायचं नसतं म्हणून इतक्या वर्षांत त्यांनी सात नंबरचा एक दाणाही तोंडात टाकला नव्हता. भाकरीपुरतं पीठ तपासायला पाठवलं होतं, त्याचे आकडे पाठ होते.

"तो दाना तोंडात टाकला का दुधासारखा इरघळते," मावशी म्हणाली. "बाकीचे काय, ढोराचं खानं. तुमीच केला ना इतका गोड? मंग आता आमाले काहून बोलता?"

साहेबांनी चष्मा पुसून नाकावर चढवला. मग म्हणाले, "घरी बाईसाहेबांना हे सांगू नका. त्यांना वाईट वाटेल, माझ्या जवारीचं असं झालं म्हणून."

मावशीनं पदर तोंडाला लावला. काका छपराचे खिळे मोजू लागला. शेवटी मीच म्हणालो, "साहेब, बाईसाहेब दर बुधवारी डबा देऊन कणसं मागवायच्या."

तिसरं वर्ष म्हणजे शेवटचं. साहेबांनी पेरणीच्या आधी सगळ्यांना बसवून सांगितलं, की सात नंबरचं एक कणीस कमी झालं तर मी कोकणात. मावशी उभी राहिली, म्हणाली, "आमी बाबासाहेबाची लेकरं हाओत, साहेब. बोल्लो का बोल्लो." तिनं आपल्या बायांना सात नंबरच्या वाफ्याकडं पाठ करून भाकरी खायला बसवलं. काकानं कोकणात नेमकं काय असतं ते गावात विचारून घेतलं आणि तिथं रोज मासे खावे लागतात हे कळल्यावर माळकरी साहेबांच्या काळजीनं तो गोफण घेऊन दिवसभर वावरातल्या माळ्यावर बसू लागला.

माझी परीक्षा मात्र घरात होती. बायको पोटुशी होती आणि तिला डोहाळे लागले हुरड्याचे. हुरडा म्हणजे सात नंबरचाच. सासुरवाडीच्यांसोबत तिनंही तो खाल्ला होता ना! डोहाळे मोडू नयेत म्हणतात. मी दोन दिवस टाळलं, मग तीन नंबरची कणसं आणली. त्या वाणावर कोणाचं कोकण अवलंबून नव्हतं. मी स्वतः भाजली, चोळली, फुंकली, चटणी वाढली. तिनं चिमूटभर दाणे तोंडात टाकले आणि थांबली.

"हा कोनता हाये?"

"सातच आहे."

"खोटं कायले बोलता? पोटातलं लेकरू नाही म्हून राह्यलं."

पुढं मुलगी झाली. तिच्या प्रत्येक रडण्याचं कारण बायको एकच सांगायची. लेकीचं लग्न झालं तरी ते अजून चालू आहे.

कापणी झाली, मळणी झाली. वजनाच्या दिवशी साहेब सकाळीच अंघोळ करून, गंध लावून आले. प्रत्येक वाफ्याचं धान्य वेगळ्या पोत्यात. मी वजन वाचायचो, साहेब लिहायचे. सात नंबरची पोती शेवटी ठेवली होती. पहिलं पोतं काट्यावर चढवलं, मी वाचलं, साहेब म्हणाले, "परत वाचा." परत वाचलं. चारही पोती झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. सात नंबर पहिला आला होता, आणि तोही थोडक्यात नाही. हायब्रीड मागं पडलं होतं. साहेबांनी मला मिठी मारली. मग काकाला. मग मावशीकडं वळले, थबकले आणि हात जोडले. मावशी म्हणाली, "जयभीम साहेब. आता तं खाऊ देसान ना?"

वरून परवानगी आली. निवडक गावांतल्या शेतकऱ्यांना पेरायला थोडं थोडं बी द्यायचं, तिथं पिकलं की नाव आणि मग सगळीकडं. कोकणाचा विषय मागं पडला. पेरणीच्या वेळी आम्ही जीपनं गावोगाव बी वाटलं. साहेब प्रत्येक शेतकऱ्याला सांगायचे, "जपा हं." जणू लेक देऊन राह्यले.

थंडीत कापणी सुरू झाली आणि निरोप यायला लागले. सात नंबर पिकला नाही. शिरपूरला नाही, इकडं नाही, तिकडं नाही. "ताटं चांगली, पन कनीसच धरत नाही," असं एकानं सांगितलं तेव्हा साहेब पांढरे पडले. वांझपणा! म्हणजे तो खरंच होता की काय? रोगतज्ज्ञांना काय कळतं? त्यांचा त्या रोगावरचा जुना विश्वास परत उसळून आला. आसेगावच्या पुंडलिकभाऊंकडं उशिरा पेरलेला तुकडा अजून उभा होता. "चला," साहेब म्हणाले. खिशात या वेळी भिंग होतं.

पुंडलिकभाऊ म्हणजे भारदस्त मिशांचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. त्यानं आम्हाला वावरात नेलं, खाटेवर बसवलं, पाणी दिलं.

"काय झालं या वाणाला?" साहेबांनी विचारलं.

"काय मालूम, साहेब. तुमचा वान देखना हाये, पन पिकाले नाही. पोतंभर बी नाही निंगनार." बोलता बोलता तो उकिडवा बसून आर फुंकत होता.

"कीड दिसली का?"

"ना बा."

"पाखरं?"

"पाखरं काय करनार, इथं दिवसभर मानसं असतात ना." त्यानं भाजलेली कणसं काढून तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि साहेबांच्या ओंजळीत गरम दाणे टाकले. "शेजारचे येतात. बायकोचं माहेर जवळच हाये, ते येतात. शाळेचे मास्तर येतात. मागच्या हप्त्यात तं पलीकडच्या गावचं अख्खं भजनी मंडळ आलतं. कोनाले नाही म्हनावं?"

साहेबांनी दाणे तोंडात टाकले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांचं चावणं हळू झालं, मग थांबलं. त्यांनी ओंजळीकडं पाहिलं, मग समोरच्या वावराकडं. शेंडे नसलेली ताटं ओळीनं उभी होती. मग माझ्याकडं पाहिलं. पुंडलिकभाऊनं तिळाची चटणी पुढं सरकवली.

"देविदास," साहेब म्हणाले, "पहिली दोन वर्षं प्रयोग बिघडला नव्हता."

"नाही, साहेब?"

"ते आकडे बरोबर होते. माणसांच्या मधे हा वाण तेवढाच पिकतो. बिघडला तो तिसऱ्या वर्षी. आपणच राखण करून बिघडवला."

पुंडलिकभाऊला यातलं काही कळलं नाही. तो पुढचं कणीस चोळत होता. साहेबांनी त्याला विचारलं, "पुढच्या साली पेराल का हा वाण?"

"मी?" त्यानं फोलपटं फुंकली. "माह्या वावरात नाही, साहेब. सालभर खावं काय मंग?" थोडा विचार केला आणि मिशीतल्या मिशीत हसला. "पन शेजाऱ्यानं पेरावा, अशी माही लय इच्छा हाये."

साहेब हसायला लागले. चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा हसले.

"लिहा देविदास," ते म्हणाले, "वाण सात, बाद."

आणि ओंजळ पुन्हा पुढं केली.